घरी टायर रोटेशन: चौदा महिने, तीन फेऱ्या आणि टॉर्क रेंचवरचे न दिसणारे आकडे

सुरुवात एका पंक्चरपासून झाली. रात्रीची वेळ, मागचं डावं चाक बसलेलं, आणि पाचपैकी एकही नट हलेना. गाडीसोबत आलेल्या पान्याचा दांडा जेमतेम ३० सेंटिमीटरचा. शेवटी मी त्या दांड्यावर उभी राहिले. पाना सटकला, नटाचे कोपरे गोल झाले आणि नट होता तिथेच राहिला. सर्व्हिसिंग होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता.

घरी आल्यावर हिशेब मांडला. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत नट १०३ न्यूटन मीटरला (हे पिळण्याच्या जोराचं एकक) आवळायला सांगितलेत. ३० सेंटिमीटरच्या दांड्यावर साधारण ३५ किलोचा जोर दिला की तेवढं होतं. माझं वजन ५८ किलो. म्हणजे १७० च्या आसपास जोर लावूनही नट ढिम्म होते. सर्व्हिसिंगवाल्यांनी हवेच्या गनने चाकं चढवताना आकडा बघितलाच नव्हता. चूक त्यांची, अडकले मी. तेव्हाच ठरवलं की यापुढे माझ्या गाडीचे नट मीच आवळणार, आणि चाकं उतरवायचीच आहेत तर रोटेशनही, म्हणजे टायर सारखे झिजावेत म्हणून त्यांच्या जागा आपसांत बदलणं, मीच करणार.

मग ट्रॉली जॅक, उचललेली गाडी धरून ठेवणारे दोन स्टँड, लांब दांड्याचा पाना, १९ चा सॉकेट आणि २८ ते २१० न्यूटन मीटरचा टॉर्क रेंच (लावलेल्या आकड्याएवढा जोर झाला की क्लिक करणारा पाना) घेतला. आता गाडी त्या दिवसापेक्षा सुमारे २२,००० किलोमीटर पुढे आहे आणि रोटेशन तीनदा झालंय.

जॅकबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. उचलतो छान. उतरवताना दांडा पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवला तर गाडी धपकन खाली येते, म्हणून दोन्ही हातांनी, केसाएवढा फिरवायचा. गाडीच्या खालच्या पत्र्याच्या कडेवर जॅक लावायच्या खाचा असतात, तिथेच लावायचा; खाच असलेला रबरी ठोकळा मधे ठेवला तर कड मुडपत नाही. स्टँडबद्दल मात्र ठामपणे सांगते: जॅक हा उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. तेलाचं एक सील गेलं की गाडी खाली. काढलेलं चाक मी गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवते, स्टँड लावलेला असला तरीही.

आता रेंच. हा रेंच कामाला चोख आहे आणि त्याचे आकडे वाचता येत नाहीत. दांड्यावर चकाकत्या क्रोमवर चकाकतेच आकडे कोरलेत, त्यांत रंग भरलेला नाही. मुख्य मापावरच्या रेघा १४-१४ च्या अंतराने: ७०, ८४, ९८, ११२. मधले आकडे मुठीच्या फिरत्या कडेवर. १०३ हवेत तर ९८ च्या रेघेवर यायचं आणि कडेवरून आणखी ५ पुढे जायचं. दुसऱ्या बाजूला फूट-पाउंडाचं, म्हणजे त्याच जोराच्या दुसऱ्या एककाचं माप. रेंच हातात उलटा आला आणि त्या बाजूला १०३ लावले तर प्रत्यक्षात १४० न्यूटन मीटर होतात! ज्या वस्तूचं अख्खं काम एक आकडा पाळणं आहे, तिचा आकडाच दिसू नये, हे मला आजही पटत नाही.

पहिल्या रोटेशनला मला साडेतीन तास लागले. शेवटचं चाक चढेपर्यंत अंधारलं होतं, आणि रेंचने आवळणं सगळंच बाकी होतं. बाबा मोबाइलचा टॉर्च धरून उभे होते. भिंग आणलं, चष्मा पुसून झाला, "चौऱ्याऐंशी का अठ्ठ्याण्णव गं?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मी अठ्ठ्याण्णव म्हणाले. ते चौऱ्याऐंशी होते.

हे कळलं कसं, ते सांगायला हवं. चाकं काढून बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरांनंतर नट पुन्हा तपासायचे असतात. मी ८० किलोमीटरांनंतर, भर उन्हात तपासले. प्रत्येक नट क्लिक होण्याआधी थोडासा फिरला. वीसच्या वीस. पोटात गोळा आला. वाटलं, सगळी चाकं सैल होत चालली आहेत. मग लक्षात आलं की सैल पडायचे तर एक-दोन नट पडतील, सगळे सारखेच कसे फिरतील? चाकं ८९ वर आवळली गेली होती. तो पुन्हा तपासायचा नियम मी कंटाळून सोडला असता तर तशीच गाडी चालवत राहिले असते.

त्या आठवड्यात मी या रेंचला मनातल्या मनात पाचपैकी दोन गुण दिले होते. मग व्हाइटनर आकड्यांवर फासून, वाळायच्या आत कापडाने वरचा पुसला. खाचेतला राहिला, आकडे पांढरे उमटले. तेलकट हातांनी महिन्याभरात तो निघून गेला. दुसऱ्यांदा पांढरा इनॅमल रंग भरला, तो अजून टिकलाय. आता रेंच चार गुणांचा आहे. पाचवा देणार नाही, कारण रंग मी भरलाय.

रोटेशनची एक गोष्ट मला आधी कळली असती तर पहिले साडेतीन तास निम्मे झाले असते. माझी गाडी पुढच्या चाकांवर चालते, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो. अशा गाडीत पुढचे टायर त्याच बाजूने सरळ मागे जातात आणि मागचे पुढे येताना बाजू बदलतात. मला वाटायचं, यासाठी चारही चाकं एकदम हवेत लागतील. लागत नाहीत. स्टेपनी तात्पुरती पुढे डाव्या बाजूला चढवायची. तिथून निघालेलं चाक मागे डावीकडे, तिथलं पुढे उजवीकडे, तिथलं मागे उजवीकडे, आणि तिथून निघालेलं पुढे डावीकडे, स्टेपनी उतरवून तिच्या जागी. पाच वेळा जॅक लावावा लागतो, पण एका वेळी एकच कोपरा उचललेला असतो. गाडी जागच्या जागी राहणार असल्याने स्टेपनी बारीक असली तरी चालते. टायरच्या कडेला फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र हे विसरा. ते टायर त्याच बाजूला फक्त पुढे-मागे होतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत बाजू बदलायची ती पुढच्यांनी, मागे जाताना.

नवख्यांना जिथे अडतं, तिथे मीही अडले. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचे, कारण हवेतलं चाक नुसतं फिरतं. ते काम लांब पान्याचं. टॉर्क रेंचने नट उघडायचे नाहीत. उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावायचे, नुसत्या हातब्रेकवर विसंबायचं नाही: तो मागच्या चाकांना धरतो, आणि मागचं एक चाक उचललं की अर्धी पकड गेली. मागचं उजवं चाक नट काढूनही हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, गंजाने चिकटलेलं होतं. बसून दोन्ही टाचांनी टायरवर खाली-वर लाथा मारल्यावर सुटलं, पण ते स्टँड नीट बसलाय याची खात्री केल्यावरच. हबचा गंज तारेच्या ब्रशने काढला. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावायचा मोह होतो, लावू नका. ओल्या आट्यांवर त्याच १०३ ला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो.

आवळताना चांदणीच्या क्रमाने, म्हणजे एका नटानंतर शेजारचा नाही तर समोरचा, आधी हवेत हाताने, मग चाक जमिनीला टेकवून रेंचने. एक क्लिक झाला की थांबायचं. खात्रीसाठी दुसरा-तिसरा क्लिक घेतला तर नट आणखी आवळला जातो. शेवटी हवा पुन्हा भरायची, कारण बऱ्याच गाड्यांत पुढची-मागची हवा वेगळी असते आणि टायर जुनी हवा घेऊनच नव्या जागी जातो. गाडीत हवेचा इशारा देणारी यंत्रणा असेल तर तीही नव्याने सेट करावी लागते.

रोटेशनने टायर जास्त चालतील एवढ्याच हिशेबाने मी सुरुवात केली होती. दुसऱ्या फेरीला मत बदललं. चाक काढून आडवं ठेवलं तेव्हा पुढच्या डाव्या टायरची आतली कड दिसली: बाहेरच्या कडेला ५.५ मिलिमीटर खाच आणि आत ३.८. उभ्या गाडीत ती कड कधीच दिसत नाही. वरून टायर चांगला गुबगुबीत वाटत होता. दोन्ही कडा झिजल्या असत्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला असता तर हवा जास्त. फक्त आतली कड म्हणजे चाकाचा कोन बिघडलेला. अलाइनमेंट करून घेतली. तिसऱ्या फेरीला त्याच जागी आलेल्या टायरच्या दोन्ही कडा सारख्याच उतरल्या होत्या. रोटेशन नुसतं करत राहिले असते तर तोच कोन एकेक करून आणखी टायरांची आतली कड खाऊन गेला असता. १.६ मिलिमीटरला टायर बदलावाच लागतो, आणि ती मोजणी सगळ्यात झिजलेल्या जागेवर होते.

तिसऱ्या फेरीला सव्वा तास लागला. मधल्या काळात आणखी एक पंक्चर झालं. गाडीतला तोच ३० सेंटिमीटरचा पाना, पाचही नट हाताने उघडले.

रेंच काम झाल्यावर २८ वर, म्हणजे सगळ्यात खालच्या आकड्यावर, आणून ठेवते. आतली स्प्रिंग दाबलेली राहिली तर माप बिघडतं. वर्ष झाल्यावर घरीच एक ढोबळ तपासणीही केली. रेंचचं चौकोनी टोक शेगड्यात (वस्तू घट्ट पकडणाऱ्या व्हाइसमध्ये) धरलं, रेंच आडवा ठेवून ९८ लावले आणि टोकापासून ४० सेंटिमीटरवर पाण्याचा कॅन टांगला, कॅनसकट २५ किलो. गणिताने तिथे बरोबर ९८ न्यूटन मीटर होतात. कॅन ३८ सेंटिमीटरवर असताना क्लिक झाला नाही, ४१ वर झाला. मुठीवर तारीख लिहून ठेवली आहे, पांढऱ्या इनॅमलने.