विद्यार्थी मंडळांसाठीचे ‘नेतृत्व शिबिर’ : पैसे मंडळाचे गेले, नावे सभासदांची गेली

विद्यापीठातील विद्यार्थी मंडळाचे पदाधिकारी म्हणून ‘आपली निवड झाली आहे’ असे कळवणारे एखाद्या निवासी नेतृत्व शिबिराचे निमंत्रण आपल्याला आले असेल, तर पैसे भरण्यापूर्वी हा अनुभव कृपया शेवटपर्यंत वाचावा. आमच्या मंडळाचे अध्यक्ष, कोषाध्यक्ष आणि सचिव या नात्याने मी, असे तिघे अशाच एका शिबिराला गेलो होतो. शिबिर ठरल्याप्रमाणे भरले, राहण्याची सोय झाली, शेवटी प्रमाणपत्रेही हातात पडली. आणि नेमक्या याच कारणामुळे आपली फसवणूक झाली आहे हे तिथून परतल्यानंतरच उघड झाले.

निमंत्रणात शिबिर आमच्याच विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण विभागाच्या सहकार्याने होत असल्याचे म्हटले होते. विभागाला त्याची काहीही कल्पना नव्हती. असा दावा दिसला, तर निमंत्रणावरच्या क्रमांकावर चौकशी करू नये. विद्यापीठाच्या अधिकृत संकेतस्थळावरून विभागाचा क्रमांक घ्यावा आणि तिथे विचारावे. आयोजकांनी आपल्याला पंधरा वर्षांचा अनुभव असल्याचे लिहिले होते, पण त्यांच्या संकेतस्थळाचे नाव अवघ्या काही महिन्यांपूर्वी नोंदवलेले निघाले. डॉट कॉमसारख्या नावांची नोंदणी कधी झाली, हे इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन (ICANN) या संस्थेच्या शोधपानावर कोणालाही विनाशुल्क पाहता येते.

माहितीपत्रकावर संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांचे सतरा रंगांचे चक्र ठळकपणे छापलेले होते. ही उद्दिष्टे २०१५ साली स्वीकारली गेली आणि माहिती देण्यापुरते ते चक्र अनेक जण वापरतात. त्यावरून संयुक्त राष्ट्रांचा पाठिंबा सिद्ध होत नाही. व्यावसायिक कामासाठी किंवा निधी जमवण्यासाठी ते वापरायचे असेल, तर पूर्वपरवानगी लागते. त्यामुळे शुल्क आकारणाऱ्या शिबिराच्या पत्रकावर हे चक्र असेल, तर परवानगीचे पत्र दाखवा असे म्हणण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

जाहीर केलेल्या वक्त्यांपैकी एकही आला नाही आणि प्रत्येकाच्या बाबतीत ‘ऐन वेळी अडचण आली’ एवढेच सांगण्यात आले. त्यांपैकी एका प्राध्यापकांना आम्ही नंतर पत्र लिहिले, तेव्हा आपल्याला कधी विचारलेच नव्हते, असे त्यांनी कळवले. परवानगीशिवाय मोठ्या नावांचा असा वापर करण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेत ग्राहकांच्या हिताचे रक्षण करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०१६ मध्ये शोधपत्रिका व परिषदा चालवणाऱ्या एका मोठ्या कंपनीविरुद्ध दावा दाखल केला, त्यात संमती न दिलेल्या नामवंतांची नावे परिषदांच्या जाहिरातीत वापरल्याचाही आरोप होता, आणि २०१९ मध्ये न्यायालयाने त्या कंपनीला पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. वक्त्याला थेट एक ई-मेल पाठवून खात्री करणे हा यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे.

मात्र खरा डाव पुढे होता, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर भाग तोच आहे. दुसऱ्या सत्रात ‘माझा संघ’ नावाचा उपक्रम घेण्यात आला. प्रत्येकाने मोबाइलवर एक फॉर्म उघडायचा आणि आपल्या मंडळातील सभासदांची नोंद करायची : नाव, फोन क्रमांक, ई-मेल, शिक्षणाचे वर्ष आणि शेवटच्या रकान्यात ‘या व्यक्तीला सध्या सर्वांत जास्त काय हवे आहे?’ त्याखाली पर्याय दिलेले होते : नोकरी, परदेशी शिक्षण, आत्मविश्वास, ओळखी. पंचवीस नावे पूर्ण झाल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता, आणि तो पूर्ण झाल्याशिवाय प्रमाणपत्र मिळणार नव्हते. आपल्या माणसांची नड ज्याला ठाऊक नाही तो त्यांचे नेतृत्व काय करणार, असे संचालक रांगांमधून फिरत वारंवार बजावत होते. सभागृहभर माना खाली घालून सगळे फॉर्म भरत होते.

आम्ही परतलो, तोवर सभासदांना संदेश जाऊ लागले होते. ‘तुमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी तुमची शिफारस केली आहे’ हे प्रत्येक संदेशातले पहिले वाक्य होते. ज्याच्या नावापुढे परदेशी शिक्षण नोंदवले गेले होते त्याला शिफारसपत्रांसह प्रवेशाची हमी देणारा अभ्यासक्रम विकला जात होता, आणि ज्याच्या नावापुढे नोकरी होती त्याला मुलाखतीची हमी देणारा. पहिल्या वर्षाच्या एका मुलीने मला फोन करून विचारले, “ताई, दुसरा हप्ता आजच भरायचा आहे का? तुम्ही सांगितलंय म्हणून मी घरी काहीच विचारलं नाही.” शिबिराच्या शुल्कापेक्षा हे एक वाक्य मला अधिक लागले. एखाद्या अनोळखी कंपनीच्या जाहिरातीकडे तिने ढुंकूनही पाहिले नसते. तिने पैसे भरले ते आमच्यावरच्या विश्वासापोटी.

मंडळाने शिबिरासाठी भरलेल्या अनामत रकमेचीही तीच गत झाली. ती शिबिर संपताच परत मिळेल असे मूळ नियमावलीत होते. मागणी केल्यावर मात्र मंडळातील पाच सभासदांनी अभ्यासक्रमाला नाव नोंदवले तरच ती मिळेल, असे उत्तर आले आणि संकेतस्थळावरचे नियमही बदललेले दिसले. कोषाध्यक्षांनी नोंदणीच्या वेळी नियमावलीची प्रत उतरवून ठेवली होती, म्हणून तक्रारीला आधार मिळाला. कार्डाने पैसे भरलेल्या सभासदांनी आपापल्या बँकेकडे व्यवहारावर हरकत नोंदवली. अशी हरकत ठरावीक मुदतीतच घेता येते, म्हणून आयोजकांच्या ‘लवकरच कळवतो’ या उत्तरांवर विसंबून थांबू नये.

आपण अशा शिबिरात नावे देऊन आला असाल, तर तक्रारीचा मसुदा लिहीत बसण्याआधी सर्व सभासदांना कळवावे : शिफारस केलेली नाही, कोणताही हप्ता भरू नये, आलेले संदेश पुसून टाकू नयेत. आम्ही हे कळवल्यानंतर आणखी कोणी पैसे भरले नाहीत, आणि जपून ठेवलेले ते संदेशच पोलिसांकडे तक्रार देताना सर्वांत उपयोगी ठरले. त्या मुलीचा पहिला हप्ता बँकेमार्फत परत मिळाला आहे. मंडळाची अनामत अजून मिळालेली नाही.