फोटोची पाठ वाचणारे, पण अल्बम फोडणारे दुकान

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातील एका लहानशा गावात असलेल्या या दुकानातून गेल्या दोन वर्षांत मी पाच वेळा खरेदी केली. दुकान एकट्या माणसाचे आहे आणि पुढे तक्रारही नोंदवायची असल्याने त्याचे नाव देत नाही. अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी, दारूबंदीच्या आणि स्त्री-मताधिकाराच्या चळवळींतील छायाचित्रे, बिल्ले, प्रतिज्ञापत्रके असा माल येथे मिळतो, आणि त्यासाठी याहून योग्य मुलूख सापडणे कठीण आहे. जवळच्या रॉचेस्टरमधून, गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४७ पासून आपले वृत्तपत्र चालवले. त्याच शहरात १८७२ साली मतदान केल्याबद्दल स्त्री-मताधिकाराच्या पुढारी सुझन अँथनी यांना अटक झाली. आणि १८४८ची स्त्री-हक्क परिषद जेथे भरली ते सेनेका फॉल्सही फार दूर नाही. इकडच्या जुन्या घरांच्या माळ्यांवरून अजूनही काही ना काही निघत असते.

दुकानाचे खरे बळ कार्ट द व्हिजिट या प्रकारात आहे. साधारण अडीच बाय चार इंचांच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली ही अल्ब्युमिन (अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावरील) छायाचित्रे १८६०च्या दशकात घरोघरी पोचली आणि चळवळींनी त्यांचा पैसा उभा करण्यासाठी उपयोग केला. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या वक्त्या सोजर्नर ट्रुथ यांनी १८६४ साली आपल्या छायाचित्राचे हक्क स्वतःच्या नावावर नोंदवले आणि खाली छापले की, देहाच्या निर्वाहासाठी मी त्याची सावली विकते. अशा वस्तूत चित्राइतकीच पाठही महत्त्वाची असते, हे या दुकानदाराला नेमके कळते. प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजू तो दाखवतो, स्टुडिओचा शिक्का वाचून लिहितो, पुठ्ठ्याचे कोपरे चौकोनी आहेत की गोलाकार याची नोंद करतो, आणि महसुली तिकीट, म्हणजे कर भरल्याची खूण, असल्यास त्यावरील सही-तारखेसह त्याचे वर्णन देतो. छायाचित्रांवरचा हा कर १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ एवढाच काळ होता. त्यामुळे चिकटवलेले एक जुने तिकीट कार्डाच्या विक्रीचा काळ दोन वर्षांच्या आत आणून ठेवते.

येथून मी घेतलेले सर्वांत मोलाचे कार्ड म्हणजे न्यू ऑर्लिन्समधील रोझा या मुक्त झालेल्या मुलीचे, चार्ल्स पॅक्सन यांनी काढलेले छायाचित्र. १८६३ साली पाच मुले आणि तीन प्रौढ अशा आठ मुक्त व्यक्तींना उत्तरेकडील राज्यांत आणून त्यांची छायाचित्रे विकली गेली आणि त्यातून लुइझियानातील कृष्णवर्णीयांच्या शाळांसाठी निधी जमवला गेला. तसे कार्डाच्या पाठीवर छापलेलेच आहे. त्यांतील काही मुले मुद्दाम गोऱ्या दिसणारी निवडली होती, कारण गोऱ्या ग्राहकाला पाझर फुटावा तो स्वतःच्या मुलांसारखा चेहरा पाहून, असा त्यामागे हिशेब होता. हे कार्ड हातात धरले की त्या चळवळीची तळमळ आणि तिची मर्यादा दोन्ही एकदम जाणवतात. दुकानाच्या वर्णनात ही बाब झाकलेली नव्हती, याबद्दल मला त्या माणसाविषयी आदर वाटतो.

बिल्ल्यांच्या बाबतीत मात्र असा विश्वास ठेवता येत नाही. मताधिकार चळवळीचा म्हणून ४५ डॉलरला घेतलेला एक बिल्ला घरी भिंगाखाली धरला, तेव्हा चित्र थेट पत्र्यावर छापलेले निघाले. त्या काळच्या नेहमीच्या बिल्ल्यात छापील कागदावर सेल्युलॉइडचे पातळ आवरण असते आणि पाठीत पुष्कळदा निर्मात्याचा कागद बसवलेला असतो. नेवार्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीच्या बिल्ल्यांत तो हमखास शोधावा. दुकानदाराने वाद न घालता आठवड्यात पैसे परत केले, हे खरे. पण दोन्ही बाजूंची चित्रे देण्याची जी शिस्त कार्डांना लावली जाते, ती बिल्ल्यांना लावली असती तर ही वेळच आली नसती.

माझी मोठी तक्रार वेगळी आहे. मागच्या भेटीत मला कातडी बांधणीचा एक अल्बम दिसला. पानांवरच्या खिडक्यांखाली, म्हणजे कार्डे बसवायच्या चौकटींखाली, पेन्सिलीने नावे लिहिलेली होती आणि खिडक्या सगळ्या रिकाम्या होत्या. आतली कार्डे काढून वेगवेगळ्या खोक्यांत वेगवेगळ्या किमतींना लावली होती, आणि त्यांतल्या बहुतेकांवर आता ‘अज्ञात स्त्री’, ‘अज्ञात पुरुष’ अशा चिठ्ठ्या होत्या. एमिली हाउलँड या क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाच्या) शिक्षिकेचा अल्बम २०१७ साली लिलावात आला, तेव्हा त्यात गुलामांना पळून जाण्यास मदत करणाऱ्या हॅरिएट टबमन यांचे तोवर अज्ञात असलेले तरुणपणीचे छायाचित्र आणि अमेरिकेच्या काँग्रेसवर, म्हणजे संसदेवर, निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय जॉन विलिस मेनार्ड यांचे एकमेव ज्ञात छायाचित्र सापडले. लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि स्मिथसोनियनचे आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय यांनी मिळून तो अल्बम अखंड घेतला. कोण कोणाच्या शेजारी होते, कोणाचे छायाचित्र कोणाच्या घरी जपले गेले, हे त्या पानांमुळेच कळते. दुकानदार म्हणाला की, अख्खा अल्बम वर्षभर पडून राहतो आणि सुटी कार्डे महिन्यात जातात. त्याचे पोट त्यावर आहे, हे मी जाणतो. तरी कार्ड काढण्यापूर्वी प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन तोच क्रमांक कार्डाच्या पिशवीवर लिहायला असे किती श्रम लागतात? मी हे सुचवले, तेव्हा त्याने पुढच्या अल्बमपासून तसे करण्याचे कबूल केले.

विकलेल्या मालाची बांधणी उत्तम असते: आम्लरहित पिशवी, दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा, वर पाण्यापासून आवरण. किमती लिलावापेक्षा कमी आणि रविवारच्या जुन्या बाजारापेक्षा बऱ्याच जास्त आहेत. विमेन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन या स्त्रियांच्या दारूबंदी संघटनेची दारू न पिण्याची प्रतिज्ञापत्रके आणि तिची खूण असलेल्या पांढऱ्या फिती मात्र खरोखर स्वस्त मिळतात. दारूबंदीचा माल अजून फारसे कोणी जमवत नाही.

कार्डे येथून निर्धास्त घ्यावीत आणि बिल्ला पाठ पाहिल्याखेरीज घेऊ नये. अज्ञात म्हणून लावलेले एखादे कार्ड आवडले, तर पैसे देण्यापूर्वी त्याचा अल्बम अजून दुकानात आहे का, हे आवर्जून विचारावे. तो रिकामा अल्बम मी १५ डॉलरला घेतला; खोक्यांतील चार कार्डांच्या पुठ्ठ्यांच्या कडांचे ठसे त्याच्या खिडक्यांशी जुळले, आणि त्या चौघांना आपापली नावे परत मिळाली आहेत.