तीस फुलांचा डबा, वीस फुलं

भाचीच्या बाळाचं बारसं तीन आठवड्यांवर आलं होतं आणि पाळण्याला क्रोशाच्या फुलांची माळ करायची, असं मी भर दिवाणखान्यात, चार माणसांसमोर बोलून बसले होते. घरात दोरा होता, पण सगळा पांढरा, चाळीस नंबरचा, टीपॉयवरचे रुमाल विणण्यातला. त्या दोऱ्याने फूल करायचं तर डोळ्यांची परीक्षा. म्हणून ऑनलाइन एक तयार संच मागवला. ₹६४९. डब्यावर ठळक लिहिलेलं: ‘३० फुलं, नवशिक्यांसाठी’. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, कारण याच तोंडवळ्याचे डबे चार-पाच नावांनी विकायला आहेत.

आत दहा-दहा ग्रॅमच्या सहा गुंड्या (लाल, गुलाबी, जांभळी, पांढरी, पिवळी, हिरवी), रबरी मुठीची अडीच मिलिमीटरची क्रोशाची सुई, दोरे आत ओवायची बोथट सुई, प्लास्टिकचे मोती आणि आठ पानांची पुस्तिका. डबा देखणा आहे, त्यात आता माझी औषधं राहतात.

आधी सुईबद्दल. मूठ खरंच छान. बोटं दुखत नाहीत, आणि माझं वय साठ असल्यामुळे हे मी आधी लिहिते. पण सुईच्या टोकाच्या आतल्या खाचेत बारीकशी कड राहिलेली. दर तिसऱ्या टाक्याला दोरा तिथे अडायचा आणि त्याचा एखादा तंतू फाटून वर यायचा. मला वाटलं माझाच हात जड झालाय. मग ती खाच एका जुन्या नायलॉनच्या मोज्यावर फिरवून पाहिली, मोजा लगेच धरला. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक पट्टी खाचेत घालून पाच मिनिटं घासली, तेव्हा कुठे सुई मऊ चालायला लागली. नवशिकी मुलगी हे कशाला करेल? ती म्हणेल, मला जमत नाही, आणि डबा माळ्यावर जाईल.

पण खरी गंमत पुस्तिकेत आहे. पाकळीसाठी लिहिलंय ‘डीसी’, म्हणजे डबल क्रोशे. बस्स, एवढंच. मी विणकाम आत्याकडे शिकले. तिच्याकडे इंग्रजी धाटणीची जुनी पत्रकं होती आणि त्यांत डीसी म्हणजे आपला मुका खांब, सुईवर वेढा न घेता केलेला बुटका टाका. त्या हिशोबाने पहिलं फूल केलं, तर फूल कसलं, कोटाचं बटण! पाकळ्या वर यायलाच तयार नाहीत. दोनदा उसवलं. मग लक्षात आलं की पुस्तिका अमेरिकी पद्धतीची आहे. अमेरिकेत डीसी म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन केलेला खांब, आणि इंग्लंडमध्ये तोच टाका ट्रेबल. एकाच अक्षरजोडीचे दोन टाके, आणि कुठली पद्धत वापरली आहे हे आठ पानांत एकदाही सांगितलेलं नाही. आत्या आपली वेढे मोजायची: बिनवेढ्याचा तो मुका, मग एक वेढ्याचा, दोन वेढ्यांचा. यात भांडणाला जागाच नव्हती.

एकदा हे कळल्यावर फूल सरळ आहे. गोलात दहा मुके खांब, रंग बदलायचा, मग दोन-दोन टाक्यांवर एकेक पाकळी: पहिल्या टाक्यात दोन साखळ्या आणि दोन खांब, दुसऱ्यात दोन खांब आणि दोन साखळ्या, आणि दोरा तिथेच ओढून टाका बंद. पाच पाकळ्या होतात. सुरुवात पुस्तिकेत मॅजिक रिंगने, म्हणजे ओढून आवळता येणाऱ्या फासाने दिली आहे. मध्ये भोक राहत नाही, त्यामुळे दिसतं सुंदर. पण सुरुवातीच्या दोऱ्याचं सुटं टोक, म्हणजे शेपूट, नीट ओवलं नाही तर दोन धुण्यांत फास सुटतो. शेपूट एका बाजूने ओवायचं, उलट फिरवून परत आणायचं आणि मगच कापायचं, हे पुस्तिकेत नाही. तिथे फक्त कात्रीचं चित्र आहे.

आता तीस फुलांचा हिशोब. माझा वजनकाटा एका ग्रॅमच्या खाली बोलत नाही, म्हणून पाच फुलं एकत्र ठेवली: नऊ ग्रॅम. त्यातला मधला पिवळा जेमतेम ग्रॅमभर. म्हणजे दहा ग्रॅमच्या गुंडीत, शेपटं आणि उसवाउसवी धरून, एका रंगाची पाच फुलं. पाकळ्यांचे रंग चार. वीस झाली की दोरा संपला. हिरवा आणि पिवळा भरपूर उरतो, पण हिरव्या पाकळ्यांची फुलं केली तरी पाचच वाढतील, डब्यावरचं वाक्य काही खरं ठरणार नाही.

लाल दोऱ्याचा रंग जातो. पांढऱ्या रुमालाचं टोक ओलं करून गुंडीवर मिनिटभर दाबलं, टोक गुलाबी झालं. बाळाच्या पाळण्यावर हे चालणार नाही म्हणून लाल फुलं आरशाला लावली. मोतीही बाजूला ठेवले. बाळाच्या हाताला जे लागतं ते तोंडात जातं, आणि हे मोती एका टाक्यावर तोललेले.

मग हा डबा टाकाऊ का? नाही. शेवटच्या दोन पानांवर आयरिश गुलाब दिला आहे आणि तो मात्र कुणीतरी जीव लावून लिहिलाय. तीन थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा मोठा. पहिल्या थराच्या पाकळ्या झाल्या की काम उलटायचं आणि दोन पाकळ्यांच्या मधल्या खांबाला मागून धरत साखळ्यांच्या कमानी घालायच्या. पुढच्या पाकळ्या त्या कमानींवर बसतात. म्हणून थर एकमेकांना चिकटत नाहीत, गुलाब उमलल्यासारखा दिसतो. ही आयर्लंडची कला. १८४५ च्या सुमारास तिथे बटाट्याचं पीक सडलं, दुष्काळ पडला आणि बायकांनी घर चालवायला ही लेस विणली. फुलं-पानं सुटी करायची, कापडावर टाचायची आणि मधली जागा साखळ्यांच्या जाळीने भरायची. एका लेसवर अनेक घरांतल्या बायकांचे हात लागू शकायचे, ही त्यातली सोय. मी जांभळ्याचा एक गुलाब केला. पाकळ्यांच्या पाठीमागची कमान पहिल्यांदा सुईला सापडली, तेव्हा मी घड्याळ पाहिलं: रात्रीचा सव्वा वाजला होता. (त्या गुलाबापायी जांभळी साधी फुलं दोनच झाली, म्हणजे वीसही पुरती नाहीत.)

शेजारची सहावीतली मुलगी रोज डोकावायची. ती डावखुरी. पुस्तिकेतली सगळी चित्रं उजव्या हाताची, आणि कोड स्कॅन केल्यावर दिसणाऱ्या व्हिडिओतले हातही उजवेच, वर पळतात असे की मलाच थांबवून थांबवून बघावं लागलं. तिला शेजारी बसवून जमेना. मग समोर बसवलं, आरशात बघितल्यासारखं. माझा उजवा तिचा डावा. अर्ध्या तासात साखळी आली, दुसऱ्या दिवशी गोल.

उरलेल्या फुलांसाठी फडके रोडजवळच्या एका गल्लीतल्या दोऱ्याच्या दुकानात गेले. वीस ग्रॅमचा सुती गुंडा सत्तर रुपयांना. दुकानदार काकांनी न विचारताच लाल गुंडा परत आत ठेवला आणि म्हणाले, ‘‘बाळासाठी ना? मग हा अबोली न्या, याचा रंग जात नाही.’’ घरी येऊन रुमाल दाबून पाहिलाच. टोक पांढरं राहिलं.

विकणाऱ्याला वजनाचा हिशोब आणि डीसीची गोष्ट लिहून पाठवली. ‘तुमचा अभिप्राय मोलाचा आहे’ असं उत्तर आलं, आणि पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट. पाचपैकी अडीच तारे देते. त्यातला दीड आयरिश गुलाबाचा, एक मुठीचा. माळेत शेवटी छत्तीस फुलं झाली. त्यातलं एक सहा पाकळ्यांचं आहे, ते डावखुरीचं.