वज्रेश्वरीची गरम कुंडे आणि तुंगारेश्वरचे धबधबे, खासगी गाडी अन् वाटाड्यासह: अख्ख्या हंगामानंतरचा अनुभव

मुंबईहून एका दिवसात गरम पाण्याची कुंडे आणि धबधबे दोन्ही करून आणतो, असं सांगणारे आता बरेच झाले आहेत. गाडी फक्त आपल्याच माणसांची, बरोबर माहीतगार माणूस, पहाटे दारातून उचलणार आणि रात्री दारात सोडणार. पावसाळा लागल्यापासून थंडी सरेपर्यंत वेगवेगळ्या महिन्यांत आम्ही हे वापरून पाहिलं, कधी एजन्सीमार्फत, कधी गाडी वेगळी आणि वाटाड्या वेगळा ठरवून. सहल आम्हाला मनापासून आवडते. पण ही जोडी खऱ्या अर्थाने जमते ती सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत. बाकीच्या महिन्यांत पैसे दोन गोष्टींचे जातात आणि मिळते एकच. एजन्सीवाले हे सांगत नाहीत, कारण त्यांचा धंदा जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी होतो.

याचं कारण तानसा. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी या तिन्ही ठिकाणचे झरे तानसा नदीच्या पात्रात आणि काठाला आहेत, आणि याच नदीवर वरच्या अंगाला १८९२ सालापासून मुंबईला पाणी देणारं तानसा धरण आहे. 'तानसा भरून वाहू लागला' ही बातमी आली की मुंबईकर सुखावतात. त्याच वेळी खालच्या गावांना सावधानतेचा इशारा गेलेला असतो, नदी फुगलेली असते आणि काठाजवळची कुंडं पुराच्या गढूळ, थंड पाण्याखाली जातात. बहुतेक वर्षी हे जुलैत घडतं. म्हणजे धबधबे ऐन भरात असतात तेव्हा कुंडं गेलेली असतात, आणि डिसेंबर-जानेवारीत कुंडात उतरायला सर्वांत मजा येते तेव्हा तुंगारेश्वरचे ओढे आटलेले असतात. मधल्या त्या सहा आठवड्यांत मात्र नदी उतरलेली असते, ओढे अजून वाहते असतात आणि डोंगर हिरवा असतो. बुकिंग करण्याआधी तानसाची पातळी वर्तमानपत्रात बघून घ्या. धरण ओसंडत असेल तर कुंडांचा नाद सोडा.

आता गाडी. मुंबईत गाडीचे दर बहुधा 'आठ तास, ऐंशी किलोमीटर' या हिशेबाने सांगतात. दादरहून वज्रेश्वरी एका बाजूने पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, तुंगारेश्वरचा फाटा वाटेतच, म्हणजे येऊन-जाऊन दीडशे-एकशे सत्तर. ऐंशीच्या वरचा प्रत्येक किलोमीटर आणि आठच्या वरचा प्रत्येक तास जादा दराने लागतो, आणि या सहलीला बारा तास सहज जातात. दुसरीकडे 'आउटस्टेशन'चा दर घेतला तर रोजचे किमान अडीचशे किंवा तीनशे किलोमीटर धरतात, त्यातले निम्मे फुकट जातात. म्हणून थेट 'बारा तास, एकशे साठ किलोमीटर' असा ठोक दर मागा. बोरिवली-दहिसरकडून निघणार असाल तर किलोमीटर आणखी कमी भरतात, तेही बोलून घ्या. टोल, पार्किंग, चालकाचा भत्ता आणि रात्रीचा जादा आकार दरात धरलेत की वेगळे, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायचं. तोंडी बोलण्याचा वाद घोडबंदरच्या कोंडीत होतो, आणि तिथे कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

गाडीची नंबरप्लेट पिवळी आणि अक्षरं काळी असायला हवीत. विजेवरची असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची घरगुती गाडी भाड्याने पाठवणारे कमी नाहीत. ती स्वस्त पडते, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. फोटो आदल्या रात्री मागवा.

वाटाड्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सहलीचा सगळा जीव त्यातच आहे. एजन्सीच्या पानावर 'गाईडसह' लिहिलेलं असतं तेव्हा पुष्कळदा तो गाईड म्हणजे चालकच असतो. तो कुंडांपाशी गाडी लावतो आणि 'इथे अंघोळ करा, मी बसलोय' म्हणतो. धबधब्यावर तर तो येतच नाही, कारण गाडी सोडता येत नाही. म्हणून एकच प्रश्न थेट विचारा: ओढ्यापर्यंत आमच्याबरोबर चालणारा माणूस कोण, आणि तो कुठल्या गावचा? सर्वांत चांगला अनुभव आला तो गाडी शहरातून आणि माणूस तिथल्या गावातून, अशा जोडणीचा. तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या वाड्या-पाड्यांतल्या माणसाला ओढ्याची नस कळते. अशा एका दादांना ओढा ओलांडायचा की नाही हे कसं ठरवता म्हणून विचारलं, तर त्यांनी पाण्यातला एक दगड दाखवला. त्याचा माथा कोरडा असेल तर लहान मुलांसकट जायचं, माथ्यावरून पाणी जात असेल तर फक्त मोठ्यांनी, आणि दगड दिसतच नसेल तर मागे फिरायचं. त्यांनीच दाखवलेली दुसरी खूण कुठल्याही धबधब्याला लागू आहे. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झालं आणि त्यातून पालापाचोळा, काटक्या वाहत आल्या, की वर डोंगरात पाऊस झालाय आणि लोंढा मागे आहे. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी त्या क्षणी बाहेर पडायचं, बॅग राहिली तर राहू द्यायची. अशा माणसाला पूर्ण दिवसाचे पैसे द्यावेत, 'दोन तासांचे किती' असं करू नये.

तुंगारेश्वर हे अभयारण्य आहे. वसई फाट्याजवळून आत वळलं की वनखात्याचं नाकं लागतं, तिथे प्रवेशशुल्क भरावं लागतं. देवळापर्यंतची तीन-चार किलोमीटरची वाट जंगलातून जाते आणि पावसाळ्यात ओढे तिला आडवे येतात. पाहायचे धबधबेही याच वाटेला. बाटल्यांची मोजदाद, दारूची झडती होते, व्हायलाच हवी. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधब्यांवर बंदीचे आदेश काढतं, आणि जवळच्या चिंचोटीला तर बुडून इतके जीव गेले आहेत की तो धबधबा कुणी कार्यक्रमात घातला असेल तर ती एजन्सी मुळातच सोडून द्यावी. बंदीच्या दिवसांत एका एजन्सीने कार्यक्रमात धबधबा तसाच ठेवला, नाक्यावरून परत पाठवल्यावर 'निसर्गापुढे आमचा इलाज नाही' म्हणत पूर्ण पैसे घेतले. यावर उपाय सोपा आहे. बंदी असल्यास पर्यायी ठिकाण कोणतं, आणि ते नको असल्यास किती पैसे परत, ही दोन वाक्यं बुकिंगच्या वेळीच लिहून घ्यायची. लिहून द्यायला कां-कूं करणारा पुढे पैसेही परत करत नाही.

दिवसाचा क्रम हा या सहलीतला सर्वांत दुर्लक्षित भाग. धबधबा आधी, कुंड नंतर. गरम पाण्यात बसल्यावर रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, पाय हलके पडतात. अशा पायांनी शेवाळलेल्या दगडांवर चालणं म्हणजे घसरणं आलंच. पण उलट बाजूही ध्यानात ठेवा: गार ओढ्यात पाय बधिर झाले असतील तर कुंडाचं पाणी किती गरम आहे ते नीट कळत नाही. दोन्हींच्या मध्ये तासाभराचं अंतर हवं, आणि ते आपोआप मिळतं. तुंगारेश्वरहून परत महामार्गाला लागून शिरसाड फाट्याला उजवीकडे अंबाडी रस्त्याला वळायचं, तिथून वज्रेश्वरी साधारण बारा किलोमीटर. पोहोचून आधी देवीचं दर्शन घ्यावं. बावन्न पायऱ्या चढून वर गेलं की किल्ल्यासारखं दगडी बांधकाम दिसतं. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला होता, आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई मराठ्यांच्या हाती आल्यावर हे देऊळ बांधलं गेलं. मग हलकं जेवण, आणि तीनच्या सुमारास कुंड. नोव्हेंबरनंतर धबधबा नसतोच, तेव्हा क्रम उलटा करून उजाडताना थेट अकलोली गाठावी. गारठ्यात पाण्यावर वाफ धरलेली दिसते आणि गर्दीही नसते.

कुंडांचं पाणी गरम का, यावर गाडीत हमखास 'खाली ज्वालामुखी आहे' असं ऐकायला मिळतं. तसं नाही. सह्याद्रीचा कातळ लाव्हाचाच, पण तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं लोटली. पावसाचं पाणी कातळातल्या भेगांतून खोल उतरतं. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढत जातं, तिथे ते तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. अशा भेगांची रांग पालघर जिल्ह्यातल्या कोकनेरपासून थेट राजापूरपर्यंत कोकणात पसरली आहे. महाडजवळचं सव, खेडकडचं उन्हवरे, संगमेश्वरकडची तुरळ आणि राजवाडी ही त्यातलीच. अकलोलीच्या कुंडात काठावर बसून तळाकडे पाहिलं तर फटींतून बुडबुड्यांच्या बारीक माळा सुटताना दिसतात, पाण्याच्या रेषेला दगडावर पांढरट खर धरलेली असते आणि वासाला गंधक. गंधकाच्या त्या वायूने चांदी काळी पडते. पैंजण, जोडवी, चांदीची साखळी गाडीतच काढून ठेवा.

एकाच ठिकाणची कुंडंही सारखी तापलेली नसतात. कोमट, सोसवेल असं आणि हातही न लावता येणारं, तीनही शेजारी असू शकतात. धातूच्या नळीचा स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर बरोबर ठेवा. ४० अंशांपर्यंत बसायला हरकत नाही, तेही दहा-पंधरा मिनिटं. ४५ ला पाय सोडून बसावं, अंग बुडवू नये. ५० च्या पाण्यात काही मिनिटांत आणि ५५ ला अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर त्वचा भाजते. लहान मुलांची त्याहून लवकर. मधुमेहामुळे पायांची जाणीव कमी झालेल्यांनी स्वतःच्या पायावर अजिबात विसंबू नये, दुसऱ्याने तपासून सांगितल्यावरच उतरावं. हृदयविकार, कमी-जास्त होणारा रक्तदाब, गरोदरपण असेल तर काठावर बसणंच बरं. आणि डोकं पाण्याखाली घालायचं नाही, बुडी तर मुळीच नाही. गोड्या कोमट पाण्यात मेंदूला घातक असा अमीबा असू शकतो आणि तो नाकावाटे शिरतो. आजी-आजोबांना हे पटत नाही, त्यांना डोक्यावरून तांब्या ओतायचा असतो. त्यांच्यासाठी घरून आणलेल्या साध्या पाण्याची बाटली ठेवावी.

साबण-शाम्पू चालत नाही, आणि जड, क्षारयुक्त पाण्यात त्याला धड फेसही येत नाही. पायऱ्या बुळबुळीत असतात, म्हणून मागे पट्टा असलेली रबरी चप्पल लागते. साधी स्लिपर पाण्यात निसटते. कपडे बदलायची सोय तोकडी आहे आणि बायकांना त्याचा फारच त्रास होतो. अकलोलीत गरम पाण्याच्या टाकीची खोली तासावर देणारी लॉजेस आहेत. घरातल्या बायका-मुली बरोबर असतील तर त्यांचा दर आधीच सहलीत धरायला लावा, हा खर्च वाया जात नाही. खोलीतल्या टाकीत आधीच्यांचं पाणी सोडून देऊन नवं भरताना समोर उभं राहायचं.

गर्दीचा हिशेब: वज्रेश्वरीला मंगळवार, शुक्रवार आणि नवरात्र, गणेशपुरीला नित्यानंद बाबांच्या समाधीमुळे गुरुवार आणि गुरुपौर्णिमा. बुधवार सर्वांत मोकळा.

काही एजन्सी याच दिवसात जव्हारचा दाभोसा धबधबाही घालतात. दाभोसा भव्य आहे, सुमारे तीनशे फुटांवरून कोसळतो, बघण्यासारखाच आहे. पण वज्रेश्वरीहून अंबाडी, वाडा, विक्रमगड, जव्हार करत तिथे पोहोचायला शंभरेक किलोमीटर पडतात आणि मनोरवरून मुंबईला परतेपर्यंत आकडा साडेतीनशेच्या घरात जातो. पावसाने उखडलेल्या वाडा-भिवंडी भागातल्या रस्त्यांवर तो दिवस गाडीतच संपतो, आणि थकलेला चालक काळोखात महामार्गाला लागतो. दाभोशासाठी जव्हारला मुक्काम करावा. 

परतताना वज्रेश्वरीहून साडेचार, फार तर पाचला निघा. त्यानंतर शिरसाड फाट्यापासून वसईच्या खाडीवरच्या वर्सोवा पुलापर्यंत अवजड वाहनांची रांग लागते आणि घोडबंदरकडे वळणाऱ्यांचे तास जातात. ठाणे-मुलुंडकरांनी रस्ता बरा असेल तेव्हा अंबाडी-भिवंडीकडून यावं, पण त्या सकाळी कुणा ट्रकवाल्याला किंवा वाटाड्यालाच खड्ड्यांची चौकशी करून. वाटेत अंबाडीला वाडा कोलम तांदूळ विकायला असतो. घ्यायचा तर मूठभर दाणे हातावर घेऊन बघा, बारीक आणि एकसारखे असतील तरच पिशवी बांधायला सांगा.