‘मॅच’ : मुलागणिक उपचारांचा क्रम बदलणाऱ्या मानसोपचार पद्धतीचे परीक्षण

संशोधनावर आधारलेल्या मानसोपचाराच्या बहुतेक पुस्तिका एकेका निदानासाठी लिहिलेल्या असतात आणि त्यांतील सत्रांचा क्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत ठरलेला असतो. समुपदेशनासाठी येणारे मूल मात्र एका निदानात क्वचितच मावते. भीतीपोटी शाळा टाळणारा मुलगा घरी आईवर हात उगारत असतो आणि काही आठवड्यांनी त्याची उदासी या दोन्हींपेक्षा ठळक होऊन समोर येते. या अडचणीवर उपाय म्हणून ब्रूस कोर्पिटा आणि जॉन वाइझ या मानसशास्त्रज्ञांनी ‘मॅच’ (इंग्रजी नावाचे लघुरूप) ही सुट्या घटकांतून उपचार जुळवण्याची पद्धत तयार केली. मुलांबरोबर काम करणारी समुपदेशक म्हणून ती वापरल्यावर माझे मत अनुकूल झाले आहे. मात्र तिच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, याबाबत मी सावध आहे.

चिंता, नैराश्य, आघातानंतरचा त्रास आणि वर्तनसमस्या या चार क्षेत्रांसाठी पद्धतीत एकूण ३३ घटक आहेत. भीतीची शिडी (कमी ते जास्त भीती वाटणाऱ्या गोष्टींची क्रमवार यादी) तयार करणे, टाळलेल्या गोष्टींना टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे, मन रमेल अशा कृती निवडणे, पालकांनी मुलाचे कौतुक कसे करावे हे शिकणे, असा प्रत्येक घटक स्वतंत्रपणे वापरता येतो. सुरुवात सर्वांत त्रासदायक अडचणीपासून होते आणि त्या क्षेत्राचा ओघतक्ता, म्हणजे पायऱ्यांची आकृती, पुढचा घटक सुचवतो. वाटेत अडथळा आला, उदाहरणार्थ भीतीला सामोरे जाण्याचा सराव करायला मुलाने हट्टाने नकार दिला, तर वर्तनसमस्येच्या विभागातील बक्षिसांचा घटक मध्ये आणायचा आणि अडथळा दूर झाल्यावर मूळ वाटेवर परतायचे. अनुभवी समुपदेशक असे वळण एरवीही घेतात. परंतु ते कधी घ्यावे आणि त्यातून परत कधी फिरावे हे येथे लिहून ठेवलेले असल्यामुळे नवख्या समुपदेशकाचा उपचार भरकटत नाही.

माझ्या दृष्टीने या पद्धतीचा खरा कणा घटकांमध्ये नसून तिच्यासोबत वापरल्या जाणाऱ्या नियमित मोजमापात आहे. उपचार सुरू होताना मूल आणि पालक या दोघांना स्वतंत्रपणे विचारले जाते की, त्यांना सर्वाधिक त्रास देणाऱ्या तीन अडचणी कोणत्या. उत्तरे त्यांच्याच शब्दांत नोंदवली जातात आणि त्यानंतर दर आठवड्याला प्रत्येक अडचणीला ० ते १० यांपैकी गुण दिले जातात. प्रमाणित प्रश्नावली लक्षणांची तीव्रता सांगते आणि तिची गरज आहेच. पण ‘वर्गात हात वर करता येत नाही’ किंवा ‘रात्री आईला सारखी हाक मारावी लागते’ असे वाक्य कोणत्याही छापील प्रश्नावलीत सापडणार नाही, आणि मुलाला बरे वाटणे म्हणजे नेमके काय बदलणे हे त्या वाक्यातूनच कळते. मुलाच्या आणि पालकांच्या याद्या पुष्कळदा जुळत नाहीत. आई अभ्यासाविषयी बोलते, मुलगी एकटेपणाविषयी. ही तफावत पहिल्याच भेटीत कागदावर आली की उपचार कोणाच्या तक्रारीवर चालला आहे, हा प्रश्न टाळता येत नाही. गुण उतरत नसतील तर क्रम बदलावा लागतो, आणि तो निर्णय समुपदेशकाच्या मर्जीवर न राहता डोळ्यांसमोरच्या आलेखावर उभा राहतो. हा भाग मला इतका मोलाचा वाटतो की, पुस्तिका न वापरणाऱ्यांनीही तो आपल्या कामात आणावा.

पुराव्याचे चित्र एकसारखे नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत मॅसॅच्युसेट्स आणि हवाई येथील ७ ते १३ वयाची १७४ मुले आणि ८४ उपचारक सहभागी होते. नेहमीचे उपचार आणि ठरीव क्रमाच्या पुस्तिका या दोन्हींपेक्षा ‘मॅच’ने मुले अधिक वेगाने सुधारली, आणि ठरीव पुस्तिका मात्र नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. कॅलिफोर्नियातील २०१७ च्या चाचणीचा निष्कर्षही ‘मॅच’च्या बाजूने होता. परंतु न्यूझीलंडमधील २०२० च्या चाचणीत उपचारकांनी संशोधनसिद्ध तंत्रे अधिक प्रमाणात वापरूनही मुलांच्या प्रकृतीत नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत लक्षणीय फरक दिसला नाही. जेथे मुळातले उपचार चांगले असतात तेथे नव्या पद्धतीला दाखवण्यासारखे कमी उरते, असे माझे अनुमान आहे. तरीही ‘सिद्ध झालेली पद्धत’ एवढेच सांगून ती पालकांपुढे ठेवणे मला योग्य वाटत नाही.

वापरणाऱ्याला काही मर्यादा लवकरच जाणवतात. साहित्याचा सूर लहान मुलांना साजेसा आहे आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना बक्षिसांचे तक्ते बालिश वाटतात, त्यामुळे त्या वयासाठी उदाहरणे आणि कृती समुपदेशकाला स्वतः घडवाव्या लागतात. खाण्याचे विकार, व्यसन आणि मनोविकृती हे विषय पद्धतीच्या कक्षेत येत नाहीत. शिवाय एखाद्या मुलाला कोणता उपचार लागू पडेल याचे भाकीत ती आधी करत नाही. ती सुरू केलेल्या उपचाराकडे पाहून वाट दुरुस्त करते. आजच्या ज्ञानाच्या अवस्थेत मला हाच प्रामाणिक मार्ग वाटतो, कारण किशोरवयीन मुलांवरील मोठ्या चाचण्या आपल्याला सरासरी सांगतात. किशोरवयीन नैराश्यावरील २००४ च्या ‘टॅड्स’ या अमेरिकी चाचणीत औषध आणि वर्तन-विचार उपचार (सीबीटी) एकत्र मिळालेल्या ७१ टक्के किशोरांमध्ये सुधारणा झाली. पण समोर बसलेली मुलगी त्या ७१ मध्ये असेल की उरलेल्या २९ मध्ये, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

ज्या संस्थेत प्रशिक्षण आणि दर आठवड्याला प्रकरणांवर चर्चा करणारा अनुभवी पर्यवेक्षक आहे, तिने ही पद्धत जरूर स्वीकारावी. एकट्याने काम करणाऱ्याने केवळ पुस्तिका विकत घेण्याची घाई करू नये, कारण चाचण्यांमधील उपचारकांना पुस्तिकेबरोबर असे मार्गदर्शनही मिळत होते.