कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस: धावतानाच्या ठोक्यांचं समीकरण काढायला कसा आहे?

मी बारावी कॉमर्सला गणित शिकवते. अभ्यासक्रमात लिनिअर रिग्रेशन (मोजलेल्या आकड्यांना सर्वांत जवळची सरळ रेषा बसवणं) आहे, क्वाड्रॅटिक (रेषेऐवजी वर्ग असलेल्या समीकरणाचा वक्र बसवणं) नाही. पण धावताना हृदयाचे ठोके सरळ रेषेत वाढतच नाहीत, म्हणून मुलांना मैदानावर नेऊन क्वाड्रॅटिकही करून घेते, ते याच कॅल्क्युलेटरवर.

मोड, ३, पुन्हा ३ दाबलं की दोन रकान्यांचा तक्ता उघडतो. एकात मिनिटं भरायची, दुसऱ्यात ठोके. छातीला ठोके मोजणारा पट्टा बांधून एकाच वेगानं धावलेल्या एका मुलीचे ० ते ६ मिनिटांचे आकडे होते ७८, १०४, १२४, १३७, १४७, १५२, १५४. एसी दाबून शिफ्ट, १, ५ केलं की एक यादी उघडते. तिच्यात 'ठोके = ए + बी × मिनिटं + सी × मिनिटांचा वर्ग' या समीकरणातले ए, बी, सी मिळतात: ७८.८६, २६.७५ आणि उणे २.३९. सी ऋण दिसला की मुलंच म्हणतात, "मॅडम, वाढ मंदावतेय."

माझी सगळ्यात आवडती सोय याच यादीत आहे. ठोके १४० कधी झाले असं विचारलं, तर दोन उत्तरं येतात: ३.२ आणि ७.९८ मिनिटं. पहिलं खरं. दुसरं निव्वळ या समीकरणाचा वक्र, म्हणजे पॅराबोला, खाली वळतो म्हणून आलेलं. दहाव्या मिनिटाला तर हे समीकरण १०७ सांगतं! मुलगी त्याच वेगानं धावत राहिली, तर ठोके असे उतरणारच नाहीत. ते एका पातळीला टेकतील, उन्हात आणखी थोडे चढतीलही. समीकरण मोजलेल्या मिनिटांपुरतंच वापरायचं, हे ती दोन उत्तरं शेजारी शेजारी पाहिली की मुलांना लगेच पटतं.

तक्त्यात ४० जोड्याच मावतात. सेकंदासेकंदाचे आकडे असतील तर स्प्रेडशीटच बरी. मोड बदलला की तक्ता पुसला जातो, तेव्हा आकडे आधी वहीत उतरवून घ्या. ग्राफ नाही, आणि क्वाड्रॅटिकला आर (आकड्यांशी मेळ किती घट्ट ते सांगणारा सहसंबंध गुणांक) मिळत नाही. समीकरण कितपत बसलं ते एकेक मिनिट ताडून पाहावं लागतं: दुसऱ्या मिनिटाला अंदाज १२२.८, खरे १२४. मला हे ताडणंच जास्त मोलाचं वाटतं.

सौरपट्टी आणि एलआर४४ सेल दोन्ही असल्यानं मैदानावर अडत नाही. बारावी बोर्डाच्या गणिताच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे फक्त त्या परीक्षेसाठी घेऊ नका. पुढे स्टॅटिस्टिक्स किंवा इंजिनिअरिंगला जाणार असाल, तर जरूर घ्या.