नोकरी सांभाळून इग्नूचं एमबीए: माझा अनुभव

चाकणच्या एका कारखान्यात मी स्टोअर्स बघते. एमबीए करायचं ठरवलं तेव्हा सुट्टी मिळणार नव्हती आणि लाखांची फी झेपणारी नव्हती, म्हणून इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त चार. मला तीन लागली.

सगळ्यात आवडलं ते अभ्यास साहित्य. इग्नूच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं, प्रवेशाआधीच चाळून बघा. मी मराठी माध्यमातली, इंग्रजी पुस्तकं सुरुवातीला जड गेली. पण फायनान्शियल मॅनेजमेंटमधलं खेळत्या भांडवलाचं प्रकरण वाचताना आमच्या रॅकवरची बेअरिंगची खोकी डोळ्यांसमोर आली. आठ महिने धूळ खात पडलेली! तो माल नव्हता, अडकलेला पैसा होता. दुसऱ्याच दिवशी न हलणाऱ्या मालाची यादी काढून साहेबांना दाखवली.

स्वाध्यायांना (घरी लिहून द्यायच्या असाइनमेंट) तीस टक्के, परीक्षेला सत्तर टक्के वजन असतं. स्वाध्याय स्वतःच लिहा. शहरातल्या एका खासगी क्लासकडून मी पैसे मोजून तयार उत्तरं घेतली होती. ती जुन्या सत्राची निघाली, रात्रभर बसून सगळं परत लिहिलं. त्याची चीड अजून येते.

रोज कॉलेज, मित्रमंडळी, कॅम्पस मुलाखती हव्या असतील तर हा मार्ग नाही. अभ्यासाला बसवणारं कुणी नसतं. चार क्रेडिटचा एक विषय म्हणजे १२० तासांचा अभ्यास. मी पहाटे साडेचारला उठायचे, डबा करायच्या आधी. नोकरीत मुरलेल्या माणसाला मात्र मी डोळे झाकून हेच सांगेन.